44 अंशांचं ऊन

इंदुरात थंडी आल्याची पहिली खबर खोबरेल तेलाची बाटली देते. पारा साधारण 24 अंशांच्या खाली उतरला की खोबरेल गोठायला लागतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला काढलेलं तेल नुसतं गढूळ दिसतं. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास बाटलीचा खालचा भाग पांढरा होतो, आणि मार्गशीर्षात बाटली उलटी करून कितीही आपटली तरी तळव्यावर थेंब पडत नाही. ही बाटली कुठे ठेवली आहे यावरून त्या घराला इथली थंडी किती कळली ते ओळखावं. नवखा माणूस ती गॅसच्या शेगडीजवळ ठेवतो. जुनी माणसं दुपारी दक्षिणेच्या खिडकीत ठेवतात, आणि डोक्याला तेलही दुपारीच लावून घेतात.

कारण इंदूरची थंडी रात्रीची आहे. दिवसाशी तिचा फारसा संबंध नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, माळव्याच्या पठारावर; आणि अक्षांश 22.7, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. वृत्त उज्जैनच्याही उत्तरेकडून जातं. नकाशाच्या हिशेबाने आपण उष्ण कटिबंधात राहतो, स्वेटर घालून. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा 26-27 पर्यंत चढतो, पहाटे 10-11 वर येतो, आणि उत्तरेकडून लाट आली की 5-6 पर्यंतही घसरतो. एका दिवसात 15-16 अंशांचा फरक. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे जमिनीने दिवसभर घेतलेली ऊब रात्री अडवायला वर कुणीच नसतं. सगळ्यात कडक थंडी मध्यरात्री पडते हा गैरसमज आहे. जमीन रात्रभर निवत राहते, आणि नीचांक येतो तो सूर्य उगवताना किंवा त्यानंतर थोड्या वेळाने. जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे नेमकं मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात तेव्हा.

‘शब-ए-मालवा’चं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक सगळे करतात. माझ्या मते ते कौतुक उन्हाळ्यातल्या रात्रींना शोभतं. हिवाळ्यात इथे मिरवावी अशी गोष्ट म्हणजे दुपार. ग्वाल्हेरकरांना ही चैन नाही. तिकडे धुकं बसलं की दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही आणि दुपारसुद्धा पहाटेसारखी जाते. इंदूरला ऊन हमखास मिळतं. म्हणून इथल्या थंडीची तयारी म्हणजे दुपार वापरून घेण्याची तयारी. ती नीट केली तर हीटर विकत घ्यावा लागत नाही.

आता त्या उन्हाचा हिशेब. 22 डिसेंबरच्या आसपास इंदूरला भर माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 44 अंश वर असतो. घड्याळातली माध्यान्ह इथे बारा वाजता होत नाही. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे ती साडेबाराच्या आगेमागे होते. 44 अंश हा फार सोयीचा कोन आहे. दक्षिणेकडे उघडणारं दार जेवढं उंच, जवळजवळ तेवढंच ऊन आत लांबवर येतं. दार सात फुटी असेल तर उंबऱ्यापासून सात फुटांपर्यंत उन्हाचा पट्टा. दाराच्या चौकटीलगत दोन फुटी छज्जा असेल तर त्यातून दोन फूट वजा करायचे. जूनमध्ये याच दारातून माध्यान्हीचं ऊन आत येतच नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे दक्षिणेची खोली हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात सुसह्य. फ्लॅट घेताना लोक पूर्वेचा दरवाजा शोधतात. थंडीपुरतं विचाराल तर दक्षिणेची गॅलरी शोधावी, आणि समोर पाच मजली इमारत किती अंतरावर आहे ते डिसेंबरात जाऊन बघावं. 50 फुटी इमारतीची सावली त्या दिवसांत माध्यान्हीलाही 50 फुटांहून थोडी लांबच पडते.

ऊन आत आलं की ते पडतं कशावर, हाही प्रश्न आहे. इंदुरातल्या पुष्कळ घरांत कोट्याची फरशी. हा दगड दुपारी ऊन पितो आणि संध्याकाळी सातआठपर्यंत तळव्यांना कोमट लागतो. पण ऊन न पोचणारी तीच फरशी रात्रभर पायांतली ऊब ओढून घेते. म्हणून सतरंजी उन्हाच्या पट्ट्यात अंथरायची नाही. ती सावलीच्या बाजूला अंथरायची. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं, कारण उन्हात बसायला सतरंजी हवी असते. बसा, पण उठताना गुंडाळून ठेवा.

खिडक्यांचं वेळापत्रक साधं आहे. साधारण अकराला, बाहेरची हवा घरातल्याहून गरम लागायला लागली की उघडायच्या आणि चारच्या सुमारास बंद करायच्या. सूर्य मावळायची वाट बघायची नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला तो पावणेसहालाच जातो, आणि त्याआधी तासभर हवा झपाट्याने उतरलेली असते. पडदे मावळतीला ओढायचे, ते खिडकीच्या पट्टीखाली वीतभर तरी लोंबायला हवेत, नाहीतर काचेला लागून गार झालेली हवा खालून खोलीत सांडत राहते. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची नळी शिवून त्यात वाळू किंवा कणी भरून लावावी. चार किलोची नळी हलत नाही, एक किलोची पहिल्याच दिवशी पायाने सरकते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांची गच्ची रात्रभर उघड्या आकाशाखाली निवत असते आणि छत खालच्या खोलीलाही गार करतं. तिथे पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी सुटा ठेवायचा, आणि घरात पर्याय असेल तर वयस्क माणसांना महिनाभर खालच्या मजल्यावर झोपवायचं.

रजईबद्दल मात्र जरा विस्ताराने लिहायला हवं, कारण इंदूरची निम्मी थंडी रजईच्या चुकांमुळे वाजते.

रजई ऊब देत नाही, ती आपलीच ऊब अडवते. झोपलेला माणूस साधारण 70-80 वॅटचा दिवा असतो. कापसाच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा त्या दिव्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे रजईत महत्त्व हवेचं. म्हणूनच जड रजई गरम असते हा समज चुकीचा. एका माणसाच्या, पाच बाय सात फुटांच्या रजईला दोन ते अडीच किलो कापूस पुरे. साडेतीन किलो भरला तर तो स्वतःच्या वजनाने दबतो, हवा निघून जाते, आणि सकाळी खांदे दुखतात ते वेगळं. दोघांच्या रजईला साडेतीन-चार किलो. कापूस आखूड, जरा राठ धाग्याचा देशी हवा. लांब, रेशमासारखा कापूस सुतासाठी चांगला, पण रजईत तो लवकर बसतो आणि पुन्हा फुगत नाही.

पिंजाऱ्याकडे जाताना जुनी रजई आधी घरी तोलावी. पिंजल्यावर धूळ आणि बारीक चुरा निघून जातो, त्यामुळे वजन थोडं घटणारच. पण निम्मं घटलं तर विचारायला हवं. जुन्या कापसात दर दोनतीन वर्षांनी अर्धा किलो नवा मिसळला तर तो परत उभारी धरतो. नवीन भरून घेताना कापसाची चिमूट मागून घ्यायची आणि जाळून बघायची. खरा कापूस कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटांत विरते. कृत्रिम धागा वितळून टणक मणी होतो. रंगीत कण दिसले तर ती कपड्यांच्या चिंध्यांची पिंजाई आहे. ती स्वस्त असते आणि पहिल्याच हिवाळ्यात गोळे होते. मग टाके. दोन टाक्यांच्या ओळींमध्ये चारपाच बोटांचं अंतर असावं. त्याहून जास्त ठेवलं तर कापूस पायथ्याशी उतरतो आणि छातीवर नुसतं दुहेरी कापड उरतं. फार जवळजवळ घातले तर प्रत्येक टाक्याजवळ रजई चेपते आणि तिथून थंडी शिरते. धागा ओढून घट्ट करू नका असं पिंजाऱ्याला आधीच सांगावं. घट्ट टाके दिसायला नीट दिसतात म्हणून तो तसे घालतो, त्यात त्याची काही चूक नाही.

आता उन्हाची गोष्ट. सगळी घरं रजया गच्चीवर घालतात आणि ‘ऊन भरून घेतलं’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण गणित जमत नाही. उन्हात तापलेल्या अडीच किलो कापसात जी उष्णता साठते ती झोपलेला माणूस पंधरावीस मिनिटांत स्वतःच तयार करतो. मग उन्हातली रजई रात्री वेगळी का लागते? कारण तिच्यातली ओल गेलेली असते. कापूस दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सातआठ टक्के पाणी धरून बसतो. अडीच किलोत ते जवळजवळ पेलाभर झालं. शिवाय माणूस रात्री घामावाटे आणखी घालतोच. ओला तंतू चिकटून बसतो, हवा धरत नाही, आणि अंगातली ऊब घेऊन आधी स्वतः वाळू बघतो. दुपारच्या कोरड्या हवेत ही ओल सुटते, तंतू परत उभे राहतात. म्हणजे आपण रजईत ऊन भरत नाही, रात्र काढून टाकतो.

एवढं कळलं की वेळाही कळतात. सकाळी नऊला रजई बाहेर घालण्यात अर्थ नाही, गच्चीवर दव असतं. अकराला घालायची, एकला उलटायची, तीनसाडेतीनला आत आणायची. चारनंतर बाहेर राहिलेली रजई परत हवेतली ओल ओढायला लागते. पाचला आणलेली रजई न घातल्यासारखीच. पलंगावर लगेच घडी घालून दाबून ठेवू नये, सैल पसरून ठेवावी. आणि खोळ हवीच. रजई धुता येत नाही, खोळ धुता येते. दर पंधरा दिवसांनी.

अंथरणाकडे कुणी बघत नाही. पाठीखालची गादी आपल्याच वजनाने दबलेली असते, त्यामुळे अर्धी थंडी खालून येते. गादीवर एक जुनी गोधडी किंवा घोंगडी घाला आणि वरची एक चादर कमी करून बघा. पांघरुणांचा क्रमही ठरलेला आहे: अंगालगत सोलापुरी चादर, तिच्यावर रजई. चादर मानेशी आणि खांद्याशी चिकटून बसते, जिथे रजईच्या ताठपणामुळे नेहमी पोकळी राहते.

लोकरीचे कपडे काढताना डांबरगोळ्यांचा वास जायला दोन दुपारी लागतात. लहान मुलांच्या कपड्यांत गोळ्या घालूच नयेत, कडुनिंबाची वाळलेली पानं पुरतात. पण खरं संरक्षण पानांनी होत नाही, धुऊन ठेवल्याने होतं. कसर लागते ती घामाच्या आणि खरकट्याच्या डागांना. स्वेटर धुवायला आठदहा रिठे रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवावेत, सकाळी कुस्करून गाळावं आणि त्या गार पाण्यात स्वेटर दहा मिनिटं नुसता दाबावा. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात आणि बापाचा स्वेटर लेकाला होतो. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सावलीत आडवा वाळवायचा.

कपड्यांबाबत इंदूरची एकच अडचण: सकाळी सातला आठ अंश, दुपारी एकला पंचवीस. एक जाड जाकीट इथे निरुपयोगी. तीन पातळ थर, एकेक उतरवता येतील असे. अकरा वाजता शहरभर कमरेला बांधलेले स्वेटर दिसतात ते उगाच नाही. स्कूटरवर थंडी छातीत शिरते, आणि स्वेटर वारा अडवत नाही. स्वेटरच्या आत, छातीवर वर्तमानपत्राची दोन पानं ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही कुठल्याही महाग जाकिटाच्या तोडीची आहे. पोचल्यावर पेपर वाचताही येतो.

मावठाचं प्रकरण निराळं. माळव्यातले शेतकरी हिवाळ्यातल्या पावसाला मावठा म्हणतात. आपली मावठ तीच. वायव्येकडून पश्चिमी झंझावात येतो, एकदोन दिवस ढग राहतात, थोडा पाऊस पडतो. गव्हाला ती सोन्याची असते. या दिवसांत गोष्टी उलट्या होतात: दिवस गार आणि रात्र त्या मानाने ऊबदार, कारण आकाशावर पांघरूण आलेलं असतं. लोक ढगाळ दुपारी कुडकुडतात आणि ‘काय थंडी पडली’ म्हणतात. खरी थंडी अजून यायची असते. ढग पांगले, आकाश धुऊन निघालं, उत्तरेचा वारा सुटला की त्यानंतरच्या दोनतीन पहाटे सबंध महिन्यातल्या सगळ्यात गार असतात. म्हणून ढग पांगल्याच्या पहिल्याच दुपारी रजया बाहेर पडायला हव्यात. मावठाची ओल त्यांच्यात बसलेली असते.

त्याच दोनतीन रात्रींत तुळस जळते. कार्तिकात थाटात लग्न लावलेली तुळस जानेवारीत काळवंडते याचं अनेकांना वाईट वाटतं, पण तुळशीला थंडी सोसत नाही, त्यात अपशकुन काही नाही. संध्याकाळी वृंदावनावर चार काठ्यांच्या आधाराने सुती ओढणी टाकावी, सकाळी ऊन आल्यावर काढावी. प्लास्टिक टाकलं आणि ते पानांना टेकलं तर टेकलेलीच पानं आधी जळतात. पाणी दुपारी, रात्री नाही. मंजिऱ्या खुडत राहाव्यात. गच्ची सताड उघडी असेल तर कुंडी सरळ जिन्यात आणावी.

आंघोळीच्या पाण्याकडे येऊ. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी पहाटे सगळ्यात गार असतं, आणि टाकीपासून न्हाणीघरापर्यंतच्या उघड्या पाइपातलं त्याहून गार. नर्मदेची लाइन ज्या सकाळी येते त्या दिवशी नळाचं थेट पाणी हाताला कोमट लागतं. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्य चढून आलेलं हे पाणी जमिनीखालच्या पाइपातून येतं, आणि जमीन हवेसारखी एका रात्रीत निवत नाही. तेव्हा बादली त्याच पाण्याची भरून घ्यावी. 15 लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर 18 अंशांचं पाणी 50 वर न्यायला पंधरासतरा मिनिटं घेतो, अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज. तो तासभर चालू ठेवून काही मिळत नाही. जुन्या वाड्यांतून अजून एखादा तांब्याचा बंब निघतो. मध्ये धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळ; तोटीतून जेवढं कढत पाणी घ्याल तेवढं गार वरून ओतायचं. त्याचा एकच नियम: पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांधे सुटतात. आणि नळीतली काजळी आठवड्याला झाडायची, ती साचली की लाकूड दुप्पट लागतं. बंब अंगणात किंवा परसात ठेवत, घरात नाही.

ही शेवटची गोष्ट ठासून सांगायला हवी. कोळशाची सिगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही. राखेखाली विझत आलेली सिगडी जास्त घातक, कारण धूर दिसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि गुंगी आलेल्या माणसाला खिडकी उघडायचं सुचत नाही. खोलीत पाण्याचं भांडं ठेवल्याने याला काहीही उतारा पडत नाही; पाण्याने फक्त हवेचा कोरडेपणा कमी होतो. गॅसगीझरचंही तेच. तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा. झरोका बंद करून एकामागून एक चार आंघोळी उरकणं हा या दिवसांतला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे.

टाचा फुटतात त्याला क्रीमपेक्षा कोकमाचं तेल बरं. दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात, मग वज्रीने हलकं घासणं, पुसून झाल्यावर लावणं. हे तेल वडीसारखं घट्ट असतं, म्हणून लावण्याआधी वडी उन्हात पाच मिनिटं ठेवायची. रात्री मोजे.

स्वयंपाकघरात थंडी आधी दह्याला कळते. मे महिन्यात पाच तासांत लागणारं दही जानेवारीत बारा तास घेतं, आणि घाई केली की बिघडतं. दूध बोटाला चांगलं गरम लागेल असं, 43-45 अंशांचं घ्यावं. लिटरला उन्हाळ्यात एक चमचा विरजण पुरतं, आता दीड मोठा चमचा. घुसळून मिसळायचं आणि भांडं गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचं. याहून गरम दुधात घातलं तर विरजण मरतं आणि पाणी सुटतं. गार दुधात घातलं तर दही लागतं, पण चमच्याला तार धरतं. दुपारी बाराला, उन्हाच्या पट्ट्यालगत झाकून लावलेलं दही रात्रीच्या जेवणाला तयार होतं. रात्री लावायची सवय हिवाळ्यापुरती सोडावी हे बरं.

गुळपोळीतही दुपारचा हात असतो. इंदूरच्या मराठी घरांत संक्रांतीला पोळी फुटली म्हणून हळहळणाऱ्या बायका पुण्याची कृती जशीच्या तशी करतात, हे खरं कारण. अर्धा किलो मऊ पिवळा गूळ किसून, वाटीभर बेसन पाव वाटी तेलात खमंग भाजून, अर्धी वाटी तिळाचं आणि दोन चमचे खसखशीचं कूट, वेलची, जायफळ. हे पुण्यात ओट्यावर मऊ राहतं. इथे बारा अंशांत रात्रभर राहिलं की विटेसारखं होतं, आणि कणीक मात्र मऊच असते. लाटताना मऊ कणीक पुढे पळते, गूळ मध्येच राहतो, कडा कोऱ्या निघतात किंवा गूळ टोचून पारी फाटते. कसोटी एकच: दोन्हीवर अंगठा दाबला की खड्डा सारखाच पडला पाहिजे. म्हणून गुळाचं सारण तासभर उन्हात ठेवून मग मळावं, आणि दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, पाव वाटी कडकडीत मोहन अशी पारी जरा घट्टच भिजवून दोन तास झाकून ठेवावी. दोन पाऱ्यांच्या मध्ये गुळाची चकती, कडा दाबून, तांदळाच्या पिठीवर गूळ कडेला येईस्तोवर लाटावी. आच मंद, पोळी एकदाच उलटावी. गूळ तव्यावर गळला तर लगेच ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर पुढची पोळी जळक्या वासाची. गरम पोळ्या एकावर एक ठेवल्या की मऊ पडून चिकटतात. कागदावर सुट्या ठेवाव्यात. त्या दिवशी गल्लीत गिल्ली-डंडा चालू असतो, संक्रांतीला माळव्यात पतंगाइतकाच त्याचा मान.

रात्र पूर्णपणे सोडून द्यायची असं मात्र नाही. तिच्यासाठी गराडू आहे. आपल्या कोनफळाच्याच कुळातला पांढरा कंद, बाजारात येतो कार्तिकात आणि फेब्रुवारी सरता सरता संपतो. सराफ्यात सोन्याची दुकानं मिटली की पाटांवर कढया चढतात, आणि थंडीत तिथला राजा तोच. जिलबी बारा महिने मिळते.

घरी करायचा तर कंद वजनाला जड आणि सालीला घट्ट घ्यावा. हलका म्हणजे आतून सुकलेला. हाताला तेल लावून सोलावा, नाहीतर खाज सुटते. इंचभराचे तुकडे, मीठ-हळदीच्या पाण्यात आठदहा मिनिटं. सुरी जावी पण किंचित अडून. पूर्ण शिजला तर तेलात विरघळतो. निथळून कपड्यावर वीस मिनिटं वाळू द्यावा; हे वगळलं तर तेल उडतं आणि तुकडा तेल पितो. मग मध्यम तेलात फिकट तळून काढायचा, निववायचा, वाटीच्या बुडाने हलका दाबायचा आणि कडक तापलेल्या तेलात दुसऱ्यांदा सोडायचा. दाबल्याने कडा फाटतात आणि त्या फाटलेल्या कडाच कुरकुरीत होतात. एकदाच तळलेला गराडू पाच मिनिटांत मऊ पडतो, सराफ्यातल्या आणि घरच्या गराडूत फरक पडतो तो इथेच. वर जीरावन मसाला, आणि लिंबू अगदी खाताना. आधी पिळलं की कुरकुर गेली.

जीरावन विकतचं चालतं, पण त्यात मीठच जास्त असतं. 50 ग्रॅम धणे, 25 जिरे, 15 बडीशेप, सातआठ लाल मिरच्या, आठ लवंगा, दोन मसाला वेलच्या, बोटभर दालचिनी, चमचाभर मिरे, दोन तमालपत्रं. धणे-जिरे वेगळे भाजा, एकत्र भाजले की जिरं आधी जळतं. गार झाल्यावर दळून त्यात दोन मोठे चमचे आमचूर, एक मोठा चमचा काळं मीठ, चमचाभर सुंठ, अर्धा चमचा हळद, चिमूटभर तळलेला हिंग. हेच सकाळी पोह्यांवर.

सराफ्यात जायचं तर साडेनऊ-दहाला, आणि जाताना मफलर कानांवरून घ्यावा, गळ्याभोवती नुसता लटकवू नये. कढईजवळ उभं राहिलं की थंडी वाजत नाही. परतताना, तेलकट तोंडाने आणि उघड्या कानांनी स्कूटरवर बसलं की वाजते.

पहाटे बाहेर पडायचं असेल तर सिरपूर तलाव बरा. 2022 मध्ये यशवंतसागर तलावासोबत तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. धुकं उतरून पाण्यावर ऊन पडायला आठसाडेआठ होतात, त्याआधी पक्षी दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. डोंगर हवा असेल तर जानापाव, 854 मीटर, चंबळेचा उगम तिथे मानतात. वर वारा आहे, टोपी हवी.

फेब्रुवारीच्या मध्यावर सात फुटी दारातलं माध्यान्हीचं ऊन पाच फुटांवर येतं. तेव्हा एक रजई कमी करायची. महाशिवरात्रीला उरलेल्या रजया काढून सलग दोन दुपारी, दोन्ही बाजूंनी कोरड्या करायच्या, संध्याकाळभर घरात निवू द्यायच्या आणि मगच पेटीत, कडुनिंबाच्या पानांवर. गरम असताना पेटीत घातल्या तर आत वाफ धरते आणि दिवाळीत कुबट वास येतो. होळीच्या आसपास खोबरेल पातळ होतं. 21 मार्चला उन्हाचा पट्टा उंबऱ्यापासून तीन फुटांवर थांबलेला असतो, आणि त्यात आता खुर्ची मावत नाही.